‘नेट नाही चालून राहिलं’ म्हणण्याआधी : नवशिक्यांनो, या चुका टाळा

पीकविम्याची शेवटची तारीख असो की पोरीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म, तालुक्याच्या सेतू केंद्रावर दिवसभर एकच वाक्य कानावर पडतं : ‘भाऊ, नेट नाही चालून राहिलं.’ आता यातून नेमकं काय बिघडलं हे समोरच्याला कळायचं कसं?

आधी दुसरी एखादी साइट उघडून बघा. ती झटकन उघडली तर तुमचं नेट ठणठणीत आहे, अडलाय तो सर्व्हर. म्हणजे ज्या दूरच्या कॉम्प्युटरवर त्या साइटची माहिती ठेवलेली असते तो. शेवटच्या तारखेला सगळा महाराष्ट्र त्याच्यावर तुटून पडतो. तेव्हा फोन दहादा बंद-चालू करून किंवा नवा रिचार्ज मारून काही होत नाही. पहाटे बसा, काम होईल. कोणतीच साइट उघडत नसेल, तर मात्र खोट आपल्या बाजूला. डेटा संपलाय का, फ्लाइट मोड चुकून लागलाय का, हे पाहा. आणि वाय-फायचं चिन्ह दिसतंय म्हणजे इंटरनेट आहेच, असं धरू नका. तुमचा फोन घरातल्या राउटरपर्यंत, म्हणजे वाय-फाय देणाऱ्या डबीपर्यंत पोचला, एवढंच ते चिन्ह सांगतं. पुढची केबल जेसीबीने रस्ता खोदताना तोडली असेल तर राउटर बिचारा काय करणार!

ई-पीक पाहणीत, म्हणजे शेतातल्या पिकाची नोंद अ‍ॅपवर करताना, वेगळाच घोळ होतो. शेतात उभं राहून कपाशीचा फोटो काढला, माहिती भरली, आणि काम झालं समजून माणूस घरी येतो. रेंज नसेल तर ती माहिती फोनमध्येच पडून असते. सेव्ह म्हणजे आपल्याजवळ ठेवणं, अपलोड म्हणजे सर्व्हरकडे पाठवणं. रेंजमध्ये आल्यावर अ‍ॅपमधलं ‘अपलोड’ दाबायला विसरू नका. सातबाऱ्याची पीडीएफ आपल्या फोनात उतरवून घेणं हे डाउनलोड.

‘फाईल साइज जास्त आहे’ या लाल अक्षरांनी तर भल्याभल्यांना रडवलंय. केबी, एमबी ही फाईलच्या आकाराची मापं. फॉर्म मागतो ५० केबीचा फोटो, आणि फोनचा कॅमेरा देतो ३-४ एमबीचा. १ एमबी म्हणजे १०२४ केबी, त्यामुळे तो जाणारच नाही. काही जण फोटोचा स्क्रीनशॉट, पुन्हा त्याचा स्क्रीनशॉट घेत बसतात. चेहरा धूसर होतो आणि अर्ज परत येतो. सहीच्या फोटोत भोवतालचा कोरा कागद कापून टाका, निम्मं काम तिथेच होतं. उरलेलं फोटो लहान करणाऱ्या अ‍ॅपने करा. आणखी एक : फाईलच्या नावापुढे पीडीएफ लिहिल्याने जेपीजीची, म्हणजे फोटोच्या फाईलची, पीडीएफ होत नाही. नाव बदलतं, आतला माल तोच राहतो.

अर्ज कृतीदेव या मराठी फॉन्टमध्ये, म्हणजे अक्षरांच्या साच्यात, टाइप करून पेन ड्राइव्हवर नेला आणि दुसरीकडे इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसला, तर फाईल खराब झाली म्हणून घाबरू नका. त्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही, इतकंच. युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत टाइप केलेलं मराठी फोनवर, ईमेलमध्ये, कुठेही मराठीच दिसतं. मला विचाराल तर नव्या पोरांना सरळ युनिकोडच शिकवावं. आणि लिहिता लिहिता कंट्रोल धरून एस दाबत राहा; आपल्याकडे लाइट सांगून जात नाही.

गूगल म्हणजे इंटरनेट नव्हे. क्रोम हा ब्राउझर, म्हणजे साइट उघडायचं अ‍ॅप; गूगल हे शोधायचं साधन. ‘पीएम किसान’ असं शोधून पहिल्या लिंकवर बोट ठेवू नका. वरच्या लिंक पुष्कळदा जाहिराती असतात. पत्ता बघा : स्कॉलरशिप-योजनांच्या अर्जाची महाडीबीटी असो की जमिनीच्या नोंदींची महाभूमी, राज्य सरकारच्या या साइटचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’वर संपतो. कुलपाचं चिन्ह पाहून भुलू नका, ते खोट्या साइटवरही असतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘योजनेची यादी’ म्हणून आलेली एपीके फाईल म्हणजे यादी नाहीच, ते अ‍ॅप आहे. उघडून इन्स्टॉल केलं आणि मागितलेल्या परवानग्या दिल्या की ते तुमचे मेसेज, ओटीपीसकट, वाचू शकतं. चुकून झालंच तर डेटा आणि वाय-फाय ताबडतोब बंद करा, बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा, व्यवहाराचा मेसेज हाताशी ठेवा.