परराष्ट्र मंत्रालय नेमकं कुठल्या कायद्याने चालतं? शोधायचं कसं ते सांगतो

स्पर्धा परीक्षेची पोरं, लॉवाले आणि गल्फमध्ये भाऊ अडकलाय म्हणून धावपळ करणारे घरचे, सगळे एकच शोधतात की परराष्ट्र मंत्रालयाचा कायदा कुठला, आणि तासभर घालवून वैतागतात. अहो, तसा एक कायदा आपल्याकडे नाहीच. अमेरिकेत १९८० चा फॉरेन सर्व्हिस ॲक्ट आहे, भरती-बढती सगळं त्यांच्या काँग्रेसने कायद्यात लिहून ठेवलंय. आपलं तुकड्यातुकड्यात आहे, कुठून सुरू करायचं तेवढं कळलं की झालं.

सुरुवात घटनेच्या कलम ७७(३) पासून करा, सरकारचं काम मंत्र्यांत वाटायचे नियम याच कलमाखाली होतात. त्याखाली १९६१ च्या जानेवारीत दोन नियमावल्या निघाल्या, ॲलोकेशन ऑफ बिझनेस रूल्स आणि ट्रान्झॅक्शन ऑफ बिझनेस रूल्स. दोन्ही कॅबिनेट सेक्रेटरिएटच्या साइटवर फुकट आहेत, फक्त टेलिग्रामवर फिरणारी जुनी पीडीएफ घेऊ नका कारण यात सारख्या दुरुस्त्या होत असतात. पहिलीतलं दुसरं शेड्यूल उघडा, परराष्ट्र मंत्रालय शोधा आणि ती यादी निवांत वाचा. हा मंत्रालयाचा सातबारा समजा, कुणाच्या नावावर काय ते इथेच कळतं. पासपोर्ट, प्रत्यार्पण, दूतावास हे परराष्ट्रकडे, पण परदेशी माणसाच्या व्हिसाचं धोरण आणि नागरिकत्व गृहकडे, डब्ल्यूटीओ म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचं काम वाणिज्यकडे. हज २०१६ पर्यंत परराष्ट्रकडे होतं मग अल्पसंख्याक मंत्रालयाकडे गेलं, कैलास मानसरोवर यात्रा मात्र परराष्ट्रच बघतं, आणि नालंदा विद्यापीठ शिक्षणवाल्यांकडे असेल असं वाटतं ना, तेही यांच्याचकडे. गंमत म्हणजे हे बदलायला संसदेत जावं लागत नाही. २०१६ च्या जानेवारीत प्रवासी भारतीयांचं आख्खं मंत्रालय परराष्ट्रात विलीन झालं, बिल नाही काही नाही.

दुसरी नियमावली फाइल कुणाकुणापुढे न्यायची याची. त्यातला नियम १२ आपल्याला माहीत असायलाच हवा, पंतप्रधानांना गरज वाटली तर नियम बाजूला ठेवायची मुभा देणारा. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठवली ती याच नियमावर, तो पहाटेचा शपथविधी आठवा.

आता खरे कायदे. हे इंडिया कोड या सरकारच्या कायद्यांच्या साइटवर मिळतात, पण सगळे वाचत बसू नका, कामापुरते उचला. पासपोर्ट अडला असेल तर पासपोर्ट ॲक्ट १९६७, त्यात कलम ६ नाकारण्याचं, १० जप्तीचं आणि ११ अपिलाचं. हा कायदा आलाच मुळी सुप्रीम कोर्टाने सतवंत सिंग साहनी केसमध्ये सरकारला झापल्यावर, की परदेशी जाणं हा हक्क आहे आणि कायदा नसताना तुम्ही पासपोर्ट अडवूच शकत नाही. कोकणातून कुणी नोकरीसाठी आखातात जात असेल तर एमिग्रेशन ॲक्ट १९८३ बघा, एजंटकडे रजिस्ट्रेशन आहे का ते ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासा, आणि फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी, त्याच्या वर मागत असेल तर सरळ उठून या. पोराला अमेरिकेतून पुण्याच्या फ्लॅटची पॉवर ऑफ ॲटर्नी पाठवायची असेल तर कॉन्सुलेटमधल्या अधिकाऱ्याचा शिक्का चालतो तो १९४८ च्या ओथ्स अँड फीज ॲक्टमुळे.

करारांबद्दल एक. परदेशाशी करार करायला आपल्याकडे संसदेची मंजुरी लागत नाही. घटनेतल्या केंद्र सूचीच्या (केंद्राच्या अखत्यारीतल्या विषयांची यादी) नोंद १४ मुळे संसद त्यावर कायदा करू शकते, पण तो अजून केलेलाच नाही. माझ्या मते ही मोठी फट आहे, पण कुठलंही सरकार ती स्वतःहून कशाला बुजवेल! जमीन द्यायची असेल तर मात्र घटनादुरुस्ती लागते, बेरूबारी (बंगालमधला पाकिस्तानला द्यायचा भाग) प्रकरणात १९६० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, म्हणून बांगलादेशच्या सीमा करारासाठी २०१५ ला शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली.

मग यांच्यावर लक्ष कोण ठेवतं? सरकारी हिशोब तपासणारा कॅग आहेच, पण खरा माल संसदेच्या परराष्ट्र स्थायी समितीत आहे. ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, मंत्री सदस्य होऊ शकत नाही. दरवर्षीचा डिमांड्स फॉर ग्रँट्सचा, म्हणजे मंत्रालयाने मागितलेल्या निधीवरचा समितीचा रिपोर्ट काढा, पैशाचं सगळं त्यात असतं (२०२५-२६ ला साधारण २०,५१६ कोटी, म्हणजे देशाच्या बजेटच्या अर्धा टक्काही नाही). पण माझा सल्ला ऐका, त्यानंतर येणारा ॲक्शन टेकन रिपोर्ट (समितीच्या शिफारशींवर सरकारने काय केलं त्याचा) आधी उघडा आणि थेट चौथ्या चॅप्टरवर जा. सरकारची जी उत्तरं समितीला पटलेली नाहीत ती तिथे असतात, आणि पाचव्यात ज्यांची पक्की उत्तरं अजून आलेली नाहीत ती. बाकी चॅप्टर ‘शिफारस मान्य, कार्यवाही सुरू’ छापाचे, झोप येते.

एवढं करून अडलं तर आरटीआय. ऑनलाइन पोर्टल, १० रुपये, मजकूर ३,००० अक्षरांत. ‘अमुक देशाशी करार का केला’ असं विचारलंत तर काही मिळणार नाही, कारण आरटीआयमध्ये कागद मागायचा असतो, मत नाही. ‘अमुक कराराची प्रत, सहीची तारीख, कॅबिनेट मंजुरीची तारीख द्या’ असं लिहा. परराष्ट्र संबंधांना बाधा येईल अशी माहिती रोखणारं कलम ८(१)(अ) आणि परदेशी सरकारने विश्वासाने दिलेल्या माहितीचं कलम, या दोन भिंती पुढे येतीलच, तेव्हा अर्जातच कलम १० टाकून ठेवा की जेवढा भाग देता येतो तेवढा तरी वेगळा काढून द्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. आणि माणूसच परदेशात अडकला असेल तर आरटीआयच्या नादी लागू नका, परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका, नंबर जपून ठेवा आणि तोच नंबर घालून आपल्या खासदाराच्या ऑफिसला पत्र द्या.