इंटेरियरवाल्यांनो, आधी जुन्या कामांची यादी काढा, मग ॲप निवडा

घरांच्या इंटेरियरची कामं मिळवायला कुठल्या सोशल मीडियावर असावं हे ठरवण्याआधी जुन्या कामांची यादी काढून प्रत्येक क्लायंटच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा: घर कुठलं, शेवटचा होकार कुणी दिला आणि आपलं नाव त्यांना कुठून कळलं. तिसऱ्या रकान्यात 'इंस्टाग्राम' तुम्हाला वाटतं तितक्या वेळा येणार नाही. 'शेजारच्या विंगमधल्यांनी सांगितलं' हे मात्र सारखं येईल. व्यवसाय अगदीच नवा असेल तर ज्यांची कामं हवी आहेत अशी दोन-तीन घरं डोळ्यांसमोर आणा.

आमच्याकडे पिंपरी-चिंचवडला दोन तऱ्हेची माणसं येतात. एक, रावेत-पुनावळ्याच्या नव्या टॉवरमधलं टू बीएचके. नवराबायको दोघंही नोकरीला, बोलणं रात्री जेवणं उरकल्यावर, डोळा पझेशनच्या तारखेवर. दुसरी कोथरूड-सहकारनगरची रिडेव्हलपमेंट. साठी-पासष्टीचं जोडपं, आजीचं शिसवी कपाट नव्या फ्लॅटमध्ये बसलंच पाहिजे, आणि शेवटचा होकार न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर मुलगी देणार. दोघांनाही ट्रॉल्या, लॉफ्ट आणि देवघरच हवं असतं, पण ती भेटतात वेगवेगळ्या ठिकाणी.

टॉवरवाली मंडळी पझेशनच्या आधीपासून व्हॉट्सॲपवर एकत्र असतात. त्या ग्रुपमध्ये आपण शिरून जाहिरात टाकायची नाही, ॲडमिन काढून टाकतो आणि नावही जातं. एक घर मनापासून करा आणि मालकांनाच विचारा, 'शनिवारी चार जणांना साइट दाखवली तर चालेल का?' ते स्वतःच ग्रुपवर टाकतात. आपल्या बाजूने व्हॉट्सॲप बिझनेस लावून ठेवा. ते फुकट आहे, कॅटलॉगमध्ये कामाचे फोटो राहतात, 'कोटेशन दिलं', 'साइट चालू' अशी लेबलं लावता येतात. ब्रॉडकास्टवर फार विसंबू नका. एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो.

गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल हे सोशल मीडिया म्हणायचं का, यावर वाद घाला हवा तर, पण मी ते सगळ्यात आधी भरायला सांगते. शेजाऱ्याने नाव सुचवलं तरी माणूस फोन करण्याआधी ते गूगलवर टाकून बघतोच. घरून काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त कामाचा परिसर दाखवता येतो. रिव्ह्यू चावी सोपवण्याच्या दिवशीच मागा, महिन्याने कुणी लिहीत नाही. त्याबदल्यात सूट किंवा भेटवस्तू देऊ नका, गूगलच्या नियमांत ते बसत नाही. 'व्हेरी गुड वर्क'पेक्षा 'पुनावळ्याच्या घराचं किचन केलं, सुतार रोज वेळेवर यायचे' हे वाक्य पुढचं काम आणतं, तेव्हा काय केलं ते लिहा एवढी विनंती करायला लाजू नका.

आता इंस्टाग्राम. नाव कळल्यानंतर खात्री करायला लोक तिथे येतात, म्हणून ते नीट हवं. तयार हॉलचे गुळगुळीत फोटो सगळेच टाकतात. तुम्ही कपाटाच्या आतली बाजू दाखवा, प्लायवरचा आयएस ७१० चा (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायच्या मानकाचा) शिक्का दाखवा, सिंकखालची ट्रॉली पाइपाला वळसा घालून कशी बसवली ते दाखवा. सुताराचा हात दिसणारी रील आमच्याकडे लोक फिरून फिरून बघतात. जुलै २०२५ पासून प्रोफेशनल खात्यांचे सार्वजनिक फोटो आणि रील गूगल सर्चमध्येही येऊ शकतात, त्यामुळे कॅप्शनमध्ये 'ड्रीम होम' लिहिण्याऐवजी परिसर, कार्पेट एरिया, मटेरियल आणि लागलेले दिवस लिहा. थ्रीडी चित्र असेल तर 'थ्रीडी' असं स्पष्ट लिहा. दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून टाकणाऱ्यांना हल्लीचे क्लायंट गूगल लेन्सवर दोन मिनिटांत पकडतात. आणि फोटोची परवानगी करारातच घ्या. नावाची पाटी, फ्लॅट नंबर, तिजोरीची जागा फ्रेममध्ये नको.

रिडेव्हलपमेंटवाल्या काका-काकूंसाठी फेसबुक अजून जिवंत आहे. तिथे मराठीत लिहा, जरा सविस्तर लिहा: जुनं कपाट कापून टीव्ही युनिट कसं केलं, बाथरूममध्ये आधाराची दांडी किती उंचीवर लावली. काकू ती पोस्ट मुलीला पाठवतात, आणि मुलगी मग इंस्टाग्रामवर तुम्हाला शोधते.

पिंटरेस्टवरून आपल्याकडे घरगुती काम क्वचितच मिळतं, तिथे गल्ली-मोहल्ला नसतो. क्लायंटला मात्र तिथे बोर्ड करायला सांगा, त्यांच्या मनातलं अर्ध्या तासात कळतं. लिंक्डइन ऑफिस किंवा क्लिनिकची कामं हवी असतील तरच. यूट्यूबवर 'ॲक्रिलिक की लॅमिनेट' असा व्हिडिओ वर्षानुवर्षं शोधला जातो, पण कॅमेऱ्यासमोर बोलायचा कंटाळा असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

एकट्या माणसाला दोन ठिकाणं पुरे. त्यातलंही काही आपल्या मालकीचं नसतं. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉक बंद झालं तेव्हा तिथे जमवलेले लोक एका रात्रीत हातचे गेले. चौकशी करणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि नंबर स्वतःच्या वहीत किंवा शीटमध्ये हवा.

पैसे देऊन जाहिरात करायची तर व्हॉट्सॲप चॅट उघडणारी करा, परिसर मोजकाच ठेवा आणि साइटवर धावपळीचा आठवडा असेल तेव्हा ती थांबवा. उत्तर दुसऱ्या दिवशी गेलं तर समोरच्याने तोवर आणखी तिघांना विचारलेलं असतं. तीन महिन्यांनी लाइक बघू नका. किती जणांनी आपलं घर बघायला बोलावलं आणि किती जणांनी कोटेशन मागितलं ते बघा.

राहिली कॉमेंटमधली 'प्राइस?'. त्यावर 'डीएम करा' लिहून पळू नका. तिथेच लिहा: 'एल आकाराचं किचन, ८ बाय ९ फूट, सात ट्रॉल्या, लॅमिनेट फिनिश. खर्च अमुक ते तमुक. चिमणी आणि ओटा वेगळे.' बजेट नसलेला निमूटपणे पुढे जातो, असलेला प्लॅनचा फोटो पाठवतो.