केबल ओढताना कोपराची बाहेरची बाजू दुखते: मला लागू पडलेला उपाय

क्रिम्पर (केबलच्या टोकाला जोडणी दाबून बसवायची पक्कड) दाबला किंवा अडकलेल्या केबलला हिसका दिला की कोपराच्या बाहेरच्या हाडापासून मनगटाकडे कळ जायची. भरलेला पेलाही हातात ठरेना. बाम, शेक, गोळ्या, पट्टा, सगळं तात्पुरतं. जीव अगदी मेटाकुटीला आला होता. फिजिओथेरपिस्टनं टेनिस एल्बोचं, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूला स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेच्या दुखण्याचं, निदान केलं.

आधी कामातला ताण काढला. केबल गुंडाळलेला ड्रम जॅकवर (उचलून धरणाऱ्या स्टँडवर) चढवला, म्हणजे तो सहज फिरतो. पाइपमध्ये केबलचं वंगण घातलं. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं पलीकडून सोडायचं; मनगट सरळ, जोर पायांचा. क्रिम्पर रॅचेटवाला घेतला, म्हणजे टप्प्याटप्प्यानं दाबता येतो.

मग व्यायाम, आणि खरा गुण यानंच आला. दुखरा हात टेबलावर, तळवा खाली, मनगट काठाबाहेर. त्या हातात हलकं वजन धरून दुसऱ्या हातानं मनगट वर उचलायचं, मग दुखऱ्या हातानं एकट्यानं अगदी सावकाश खाली सोडायचं. १५ वेळा, अशा ३ फेऱ्या, रोज. थोडं दुखलं तर चालतं. कळ वाढली तर वजन कमी करा. फरक काही आठवड्यांनी जाणवतो, मध्येच सोडू नका.

बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर नस दबलेली असू शकते. तेव्हा व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवा.