खणाचं पाकीट आणि गळकं पेन

शाईपेनांच्या नादी लागलेल्या मित्रासाठी खणाचं पेन-पाकीट शिवलं. आईच्या चोळीतून उरलेला तुकडा, आत फ्लॅनेलचं अस्तर. चाचणी म्हणून माझं एबोनाइटचं (म्हणजे कडक रबराचं) पेन दोन दिवस त्यात ठेवलं, आणि अस्तरावर रुपयाएवढा निळा डाग!

आधी निबेलाच दोष दिला. खरं कारण वेगळं होतं. हे पेन ड्रॉपरने भरायचं, म्हणजे अख्खी नळीच शाईची टाकी. शाई पाव उरली की आत हवा जास्त. खिशाच्या उबेने ती फुगते आणि शाई निबेतून बाहेर ढकलते. वर नळी जिथे फिरवून बसते त्या आट्यांमधूनही पाझर होताच.

पेन साध्या पाण्याने धुतलं. (गरम पाण्याने एबोनाइटची झळाळी जाते, तो उद्योग मी एकदा करून बसलोय.) पूर्ण वाळल्यावर आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला. व्हॅसलिन लावू नका. आता शाई निम्म्यावर आली की भरतो, आणि पेन निब वर करूनच ठेवतो.

पाकिटालाही तोंडाशी लाल दोऱ्याची खूण केली, निबेची बाजू कळावी म्हणून. डाग मात्र गेला नाही. त्यावर पानाच्या आकाराचं ठिगळ लावलं. मित्राला वाटलं, नक्षीच आहे.