टेनिस कुठे चाललंय, हे आकड्यांवरून कसं ओळखायचं?

१४ जुलै २०१९, रविवार. नौपाड्यातल्या आमच्या घरात रिमोटवरून भांडण जुंपलं होतं. एका चॅनेलवर लॉर्ड्सला इंग्लंड-न्यूझीलंड विश्वचषकाची फायनल, दुसऱ्यावर विम्बल्डनला फेडरर आणि जोकोविच. मध्यरात्रीच्या सुमारास दोन्ही संपल्या आणि दोन्हींचा हिशेब विचित्र लागला. क्रिकेटमध्ये सामना टाय, सुपर ओव्हर टाय, शेवटी चौकार-षटकार मोजून इंग्लंडला कप. टेनिसमध्ये पॉइंट मिळून गेम होतो, गेम मिळून सेट, आणि जास्त सेट घेणारा जिंकतो. इथे फेडररचे पॉइंट २१८, जोकोविचचे २०४. गेम्स ३६ विरुद्ध ३२, त्यातही फेडरर पुढे. कप मात्र जोकोविचच्या हातात.

"मावशी, जास्त पॉइंट घेऊन माणूस हरतो कसा?" भाच्याने विचारलं. तेव्हापासून हा नाद लागला. दिवसभर ऐरोलीच्या ऑफिसात एक्सेल, घरी येऊन परत एक्सेल. 'सर्व्हिसचा जमाना परत आला', 'आता पोरांचं राज्य', 'महिला टेनिसचा काही भरवसा नाही' अशी वाक्यं ऐकली की मी आता ती तपासून बघते. तुम्हालाही जमेल. दहावीपर्यंतचं गणित पुरतं.

आधी प्रश्न लहान करा

'टेनिस बदललंय का?' याला उत्तर नाही. 'पुरुष एकेरीत, हार्ड कोर्टवर, दर शंभर सर्व्हिस पॉइंटमागे एस वाढले का?' याला आहे. (हार्ड कोर्ट म्हणजे सिमेंटसारखं कडक कोर्ट, एस म्हणजे समोरच्याच्या रॅकेटला न लागता थेट पॉइंट देणारी सर्व्हिस.) प्रश्नात चार गोष्टी यायलाच हव्यात: कोण, कुठल्या कोर्टवर, कुठल्या वर्षांत आणि नेमकं काय मोजायचं. कोर्ट विसरलात तर सगळंच वाया. नदालचा फ्रेंच ओपन या मातीच्या म्हणजे क्ले कोर्टवरच्या स्पर्धेतला हिशेब ११२ विजय आणि ४ पराभव असा आहे. हे आकडे गवतावरच्या आकड्यांत मिसळले, तर जी सरासरी येईल ती धड क्लेवरच्या नदालचीही नसेल आणि गवतावरच्याही नाही.

आकडे आणा

एका सामन्याचे आकडे एटीपी (पुरुष टेनिसची संघटना), डब्ल्यूटीए (महिलांची) आणि ग्रँड स्लॅम म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धा यांच्या अधिकृत साइटवर मिळतात. वर्षानुवर्षांचा कल बघायचा तर जेफ सॅकमन या अमेरिकन अभ्यासकाने गिटहब या साइटवर मांडलेल्या फाइली सोयीच्या. वर्षाला एक फाइल, सामन्याला एक ओळ. त्यात तारीख, कोर्ट, दोघांची वयं, स्कोअर, एस, डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकणं), सर्व्हिसचे एकूण पॉइंट, वाचवलेले ब्रेक पॉइंट (जो घेतला तर समोरच्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकता येतो तो पॉइंट) असे रकाने असतात. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडते आणि पिव्होट टेबल येत असेल तर अर्धं काम तिथेच झालं. पुरुषांच्या सर्व्हिसचा तपशील १९९१ पासूनचा आहे. त्यामागचे रकाने रिकामे दिसतील. ते रिकामेच ठेवा, तिथे शून्य भरू नका. मी एकदा भरलं होतं आणि ऐंशीच्या दशकात कुणी एस मारतच नव्हतं असा थोर शोध लावला होता.

वॉकओव्हर (समोरचा खेळायलाच न आल्याने मिळालेले विजय) आणि अर्धवट सोडलेले सामने आधी वेगळे काढा.

टक्का दिसला की छेद विचारा

माझ्या मते निम्म्या चुका इथे होतात. २०१० च्या विम्बल्डनमध्ये जॉन इस्नरने निकोला माहूविरुद्ध ११३ एस मारले. पण तो सामना तीन दिवस मिळून ११ तास ५ मिनिटं चालला, पाचवा सेट ७०-६८ असा संपला. एवढ्या सर्व्हिस केल्यावर एस पडणारच. म्हणून 'सामन्यामागे एस' हा आकडा कामाचा नाही. त्यात तीन सेटचे आणि पाच सेटचे सामनेही एकत्र कालवले जातात. सर्व्हिसच्या एकूण पॉइंटनी भागा.

याहून फसवा प्रकार पहिल्या आणि दुसऱ्या सर्व्हिसचा. पहिली चुकली की दुसरी संधी मिळते. दोन काल्पनिक खेळाडू घेऊ. 'अ'ची पहिली सर्व्हिस ५० टक्के वेळा आत पडते. आत पडली की तो ७६ टक्के पॉइंट जिंकतो आणि दुसऱ्या सर्व्हिसवर ५४ टक्के. 'ब' पहिलीवर ७४ टक्के जिंकतो, दुसरीवर ५०. दोन्हींकडे 'अ' सरस. पण 'ब'ची पहिली सर्व्हिस ७० टक्के वेळा आत पडते. आता एकूण हिशेब करा. 'अ'चे ३८ अधिक २७ म्हणजे ६५ टक्के. 'ब'चे ५१.८ अधिक १५ म्हणजे ६६.८ टक्के. दोन्ही रकान्यांत मागे असलेला 'ब' बेरजेत पुढे निघाला. टीव्हीवर 'पहिल्या सर्व्हिसवर ७६ टक्के' असं झळकलं की पहिली सर्व्हिस किती वेळा आत पडली हे शेजारीच बघा. तोच खरा छेद.

पॉइंट, गेम, सेट: चढत जाणारा फरक

२०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात फेडररने सांगितलं होतं की १५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के आपण जिंकलो, पॉइंट मात्र ५४ टक्केच. अनेकांना ते प्रेरणादायी वाटलं. मला त्यात टेनिसच्या मोजणीची रचना दिसली. सर्व्हिस करणारा प्रत्येक पॉइंट जिंकण्याची शक्यता धरा आणि त्यावरून गेम राखण्याची, म्हणजे आपल्या सर्व्हिसचा गेम जिंकण्याची, शक्यता काढा. ५५ टक्के पॉइंट जिंकणारा ६२ टक्के गेम राखतो, ६० वाला ७४, ६५ वाला ८३ आणि ७० वाला ९० टक्के. पॉइंटमधला छोटा फरक गेममध्ये मोठा होतो, सेटमध्ये आणखी मोठा.

याचा उपयोग असा की कल शोधताना शक्यतो पॉइंटच्या पातळीवर शोधा. विजय-पराभव मोजले तर जरासा फरकही आभाळाएवढा दिसतो.

'महिला टेनिसचा भरवसा नाही' हे वाक्यही इथेच तपासून घेऊ. सेट जिंकण्याची शक्यता ७० टक्के असलेला खेळाडू तीन सेटचा सामना ७८ टक्के वेळा जिंकतो, पाच सेटचा ८४ टक्के वेळा. म्हणजे ग्रँड स्लॅममध्ये, जिथे पुरुष पाच सेटचे आणि स्त्रिया तीन सेटचे सामने खेळतात, स्त्रियांच्या सामन्यांत धक्कादायक निकाल जास्त दिसले, तर त्यातला काही वाटा फक्त सामना छोटा असण्याचा आहे. तुलना करायचीच असेल तर पुरुषांचे तीन सेटचे सामने घ्या. चहाच्या टपरीवर हे सांगितलं तर कुणी ऐकत नाही, तो भाग वेगळा.

आणि भाच्याचा प्रश्न? टायब्रेक म्हणजे सेट बरोबरीत अडकला की तो निकाली काढणारा गेम. त्या फायनलमधले तिन्ही टायब्रेक जोकोविचने घेतले: ७-५, ७-४, ७-३. बेरीज २१ विरुद्ध १२. उरलेल्या सामन्यात फेडरर २०६ विरुद्ध १८३ असा पुढे होता. ४२२ पैकी ३३ पॉइंटनी कप फिरवला. दुसरा सेट फेडररने ६-१ असा घेतला, पण ६-१ चा सेट आणि ७-६ चा सेट, दोन्हींची किंमत एकच.

थोड्या पॉइंटवर मोठं बोलू नका

जुलैत ठाण्यात चार दिवस ऊन पडलं म्हणून पावसाळा संपला असं कुणी म्हणत नाही. टेनिसमध्ये मात्र सर्रास म्हणतात. 'त्याला ब्रेक पॉइंट घेताच येत नाहीत, १२ पैकी ३!'

यासाठी एक घरगुती सूत्र वापरा. जितके पॉइंट तितक्याचं वर्गमूळ काढा आणि १ ला त्याने भागा. एवढी मागेपुढे सरक नुसत्या योगायोगानेही होऊ शकते, शंभरातल्या साधारण पंच्याण्णव वेळा त्या मर्यादेत. १०० पॉइंट असतील तर १० टक्के इकडे किंवा तिकडे, ४०० ला ५ टक्के, २५०० ला २ टक्के. आणि १२ पॉइंटला? जवळजवळ २९ टक्के. म्हणजे '१२ पैकी ३' या आकड्यावरून त्याच्या मनोधैर्याविषयी काहीही सिद्ध होत नाही. फेडररचे त्या दिवशीचे ५१.७ टक्के पॉइंटसुद्धा याच मर्यादेत बसतात, कारण ४२२ पॉइंटला ही सरक ५ टक्क्यांच्या आसपास येते. बरोबरीचे खेळाडू बरोबरीने खेळले, एवढंच त्यावरून म्हणता येतं.

किती जणांचा कल?

आता वही काढा. विम्बल्डनच्या पुरुष विजेत्यांची विजयाच्या दिवशीची वयं लिहू. १९८५ ते १९९४: बेकर १७, बेकर १८, पॅट कॅश २२, एडबर्ग २२, बेकर २१, एडबर्ग २४, श्टिश २२, आगासी २२, सॅम्प्रस २१, सॅम्प्रस २२. बेरीज २११, सरासरी २१.१. २०१३ ते २०२३, यात २०२० नाही कारण त्या वर्षी स्पर्धाच झाली नाही: मरे २६, जोकोविच २७, जोकोविच २८, मरे २९, फेडरर ३५, जोकोविच ३१, ३२, ३४, ३५ आणि अल्काराझ २०. बेरीज २९७, सरासरी २९.७.

साडेआठ वर्षांचा फरक! मध्यक काढला तरी २२ विरुद्ध ३०. म्हणजे एखाद्या टोकाच्या आकड्याने सरासरी ओढली आहे, असंही नाही. आलेख काढला तर रेघ सुरेख वर चढते. 'टेनिस आता प्रौढांचा खेळ' असा मथळा तयार.

पण नावं मोजा. दुसऱ्या यादीत ओळी दहा, माणसं चार. दहांपैकी सहा वर्षं एकटा जोकोविच. तो दर वर्षी एका वर्षाने मोठा होणार हे सांगायला संख्याशास्त्र नको, वाढदिवसाचा केक पुरे. फिजिओ, आहार, सामन्यांचं नियोजन सुधारल्याने खेळाडू जास्त टिकतात हे खरं असेलही, पण या यादीवरून ते ठरत नाही. पुढे २०२४ मध्ये अल्काराझ २१ व्या वर्षी जिंकला, २०२५ मध्ये सिनर २३ व्या वर्षी, आणि चढलेली रेघ धाडकन खाली आली. खेळाचा स्वभाव दोन वर्षांत उलटा फिरला का? नाही, पिढी बदलली.

म्हणून विजेते सोडा, पहिले शंभर खेळाडू घ्या. दर वर्षी एकाच तारखेला त्यांच्या वयाचा मध्यक काढा आणि मग बोला. एसचा कल बघतानाही हेच. एकदा सगळ्यांना धरून आलेख काढा, एकदा इस्नर आणि कार्लोविचसारखे उंच सर्व्हिसवाले वगळून. रेघ बदलली तर तो खेळाचा कल नव्हे, दोन-चार जणांचा.

मधे काय बदललं, त्याची तारीख लिहा

आलेखावर उभ्या तुटक रेघा मारायची सवय लावून घ्या. २००१ मध्ये विम्बल्डनचं गवत बदललं. आधी ७० टक्के राय आणि ३० टक्के फेस्क्यू या गवतांचं मिश्रण असायचं, तिथे पूर्ण राय आलं. चेंडू आणखी उसळतो, रॅली (एका पॉइंटमधली फटक्यांची देवाणघेवाण) लांबते, असं तेव्हापासून बोललं जातं. त्याच वर्षी मानांकित खेळाडू (ज्यांची सुरुवातीच्या फेऱ्यांत आपसात गाठ पडू देत नाहीत असे) १६ चे ३२ झाले. २००१ ची फायनल इवानिसेविच आणि राफ्टर या नेटकडे धावणाऱ्यांची होती, २००२ ची ह्युइट आणि नालबांदियान या बेसलाइनवाल्यांची, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून खेळणाऱ्यांची. एका वर्षात एवढा पालट बघून सगळं श्रेय गवताला द्यायचा मोह होतो. पण त्याच काळात रॅकेटच्या पॉलिएस्टर तारा पसरत होत्या, १९९७ मध्ये कुएर्तेन त्या वापरून फ्रेंच ओपन जिंकला होता. एकाच सुमाराला तीन गोष्टी बदलल्या तर एकीला दोषी धरणं अवघड. फ्रेंच ओपनला विम्बल्डनचं गवत नाही, तिथेही त्याच वर्षांत सर्व्हिस-व्हॉलीवाले (सर्व्हिस करून लगेच नेटकडे धावणारे) कमी झाले का, हे बघणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

सामन्यांची लांबी बघणार असाल तर २०१९ आणि २०२२ अशा दोन रेघा हव्यात. २०१९ मध्ये विम्बल्डनने शेवटच्या सेटला १२-१२ वर टायब्रेक आणला, २०२२ पासून चारही स्लॅममध्ये ६-६ वर दहा पॉइंटचा टायब्रेक आला. ७०-६८ आता कधीच दिसणार नाही, आणि त्याचा खेळाडूंच्या दमाशी संबंध नाही.

क्रमवारीचे आलेख जपून वापरा. क्रमवारी ५२ आठवड्यांची असते. एखाद्या टाकीसारखी, एका बाजूने पाणी येतं, दुसरीकडून जातं. खेळाडू आज जिंकला तरी गेल्या वर्षी कमावलेले क्रमवारीचे मोठे पॉइंट त्याच आठवड्यात वाहून गेले तर नंबर घसरतो. त्यात २०२० मध्ये साथीमुळे क्रमवारी गोठवली होती, आणि २०२२ च्या विम्बल्डनला क्रमवारीचे पॉइंटच दिले गेले नाहीत. जोकोविच आणि रिबाकिना विजेते ठरले, खात्यात शून्य. २०२० ते २०२२ हा तुकडा मी तरी आलेखात फिका रंगवते.

स्वतःची वही

हे सगळं हाताला लागायचं तर एक सामना स्वतः नोंदवा. रकाने पाचच: कुणाची सर्व्हिस, पहिली आत का, पॉइंट कुणाला, ब्रेक पॉइंट होता का, रॅली चार फटक्यांहून लांब गेली का. कोर्टाशेजारच्या बाकावर बसून पेन्सिलने होतं. मोबाइलवर करू नका, खाली बघेपर्यंत दोन पॉइंट निघून जातात.

भाचा आता कॉलेजात आहे, रविवारी सकाळी खेळतो. गेल्या महिन्यात म्हणाला, "मावशी, मित्राच्या रॅकेटने माझी पहिली सर्व्हिस ५२ टक्क्यांवरून ५८ वर गेली. तसलीच घेऊया ना." मी वही मागितली. दोन्ही रॅकेटच्या मिळून जेमतेम दोनशे सर्व्हिस होत्या. म्हणजे प्रत्येकी शंभर, आणि सरक दहा टक्क्यांची. "प्रत्येकीच्या चारशे-चारशे कर, मग बघू," म्हटलं.

सध्या तो रोज सकाळी सहाला कोर्टवर असतो. रॅकेट अजून घेतलेली नाही.