'फक्त मुले पाहिजेत' : नोकरीची जाहिरात लिहिताना या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर रोज सकाळी जाहिराती येऊन पडतात. त्यातली एक, होती तशी :

"पाहिजेत. क्वालिटी इन्स्पेक्टर. फक्त मुले. वय 18 ते 25. डिप्लोमा/बीई. इंग्रजी फ्लुएंट. स्वतःची दुचाकी आवश्यक. शिक्षणात गॅप नसावा. पगार मुलाखतीत ठरेल. फक्त कॉल करा."

ही मीच लिहिलेली. तेव्हा एका छोट्या व्हेंडर कंपनीचं एचआर बघत होतो. चार जागा होत्या, आणि महिनाभर कामाचे फोन आलेच नाहीत. मालक म्हणाले, "पोरांना कामच नको आता." मीही मान डोलावली. काम काय होतं? टेबलाशी बसून व्हर्निअरने, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीने, पार्ट मोजायचा आणि शीटवर आकडा टाकायचा. त्याला दुचाकी कशाला लागते, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. मागच्या जाहिरातीत होतं, म्हणून या जाहिरातीत आलं. तिथे तरी कुठून आलं होतं, देव जाणे.

सुधा मूर्तींनी जेआरडी टाटांना पाठवलेल्या पोस्टकार्डाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. 1974 मधल्या नोकरीच्या त्या जाहिरातीत 'महिलांनी अर्ज करू नये' असं निदान उघड छापलं होतं. आपण तेच 'दुचाकी आवश्यक' असं लिहितो. वाळूजलगतच्या रांजणगाव-जोगेश्वरीत खोली करून राहणारी, कंपनीच्या बसने येऊ शकणारी मुलगी ती ओळ वाचते आणि पुढे सरकते.

अट कामाची की सवयीची?

प्रत्येक अटीवर बोट ठेवून विचारा : हे नसेल तर पहिल्या दिवशी नेमकं काय अडेल? आमच्या कामात या प्रश्नाला पुरून उरली ती एकच गोष्ट, पार्टचं ड्रॉइंग वाचता येणं, आणि नेमकी तीच मी लिहिली नव्हती.

'गॅप नसावा' या अटीवर जरा थांबतो, कारण मराठवाड्यात ती सगळ्यात महाग पडते. बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. आईबापासोबत लेकरं जातात, शाळा बुडते, वर्षं मागे पडतात. अशा पोराने आयटीआय पूर्ण केलं असेल तर त्याच्या चिकाटीची परीक्षा आधीच झालेली आहे. आपण मात्र त्याचा बायोडाटा 'गॅप का?' म्हणून बाजूला ठेवतो. बाळंतपणानंतर चार वर्षांनी कामावर येऊ पाहणाऱ्या बाईचंही तेच, आणि तिला तर 25 ची वयोमर्यादाही आडवी येते.

'इंग्रजी फ्लुएंट'चंही तसंच. एक्स्पोर्टच्या ग्राहकाशी बोलायचं असेल तर जरूर लिहा. गेटपास आणि चलन लिहिणाऱ्या स्टोअर कीपरला 'इंग्रजी अक्षरं-आकडे वाचता यावेत' एवढं पुरतं.

आणि पगार लिहा. 'मुलाखतीत ठरेल' म्हणजे ज्याला घासाघीस जमते त्याला जास्त आणि जो भिडस्त त्याला कमी. शिवाय हिंगोलीहून यायचं तर एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी जाते. एवढं करून पगार ऐकून परत जायचं, हे एकदा सोसलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

मराठीचं व्याकरणही दार लावतं

'अनुभवी मशीन चालवणारा पाहिजे' असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुरुषच उभा राहतो. इंग्रजी जाहिरातीचा 'he/she टाळा' हा सल्ला इथे कामाला येत नाही, कारण आपल्याकडे क्रियापदालाही लिंग असतं. पण मराठीत पळवाटही सुंदर आहे : 'तुम्हाला सीएनसी मशीन चालवता येतं का?' यात स्त्री-पुरुष कुठेच येत नाही. 'येणारा', 'करणारा' काढा, 'येणं', 'करणं' ठेवा. 'मुले' हा शब्द तर टाकूनच द्या, तिथे 'उमेदवार' लिहा. 'तडफदार', 'धडाडीचा', 'स्मार्ट' या विशेषणांनी काम काय ते कळत नाही, ती गाळली तरी काही बिघडत नाही.

कायद्याचं म्हणाल तर 'फक्त मुले' हे लिहिण्यात नुसता कद्रूपणा नाही, धोकाही आहे. बाई म्हणून भरतीत डावलायचं नाही ही तरतूद 1976 च्या समान वेतन कायद्यापासून आहे, 2019 च्या वेतन संहितेतही ती आली आहे. तृतीयपंथी व्यक्तींना नोकरीत भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा 2019 चा. आणि मेडिकलच्या नावाखाली एचआयव्हीची चाचणी मागणं 2017 च्या कायद्याने बंद केलंय, तरी काही कंत्राटदारांच्या जुन्या फॉर्मवर तो रकाना अजून दिसतो. फॉर्म एकदा काढून बघाच.

'फक्त कॉल करा'

ही माझी सगळ्यात वाईट ओळ. त्याच जाहिरातीवर एका मुलीचा फोन आला. भावासाठी विचारत होती. मी नेहमीचं ठेवणीतलं वाक्य टाकलं, "ज्याला नोकरी पाहिजे त्यालाच फोन करायला सांगा." ती म्हणाली, "साहेब, त्याला ऐकायला येत नाही, म्हणून मी लावलाय." मी 'बघतो' म्हणालो आणि फोन ठेवला. नंबरही लिहून घेतला नाही. कॉम्प्रेसरच्या आवाजात दिवसभर पार्ट मोजायचं काम होतं, जिथे ऐकू येणारेसुद्धा एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलायचे!

2016 चा दिव्यांग हक्क कायदा अपंगत्वाचे 21 प्रकार मानतो आणि खासगी आस्थापनेलाही समान संधीचं धोरण जाहीर करायला लावतो. 20 किंवा जास्त माणसं असतील तर दिव्यांगांना कोणकोणती कामं देता येतील याची यादीही त्या धोरणात हवी. ती यादी करायला बसलं की कळतं, 'शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त' ही ओळ आपण किती जागांवर उगीच चिकटवली आहे. 20 किलोचा क्रेट उचलायचा असेल तर तसंच लिहा, 'दिवसात साधारण इतक्या वेळा, इतकं वजन'. ज्याचं त्याला ठरवता येतं.

"पाहुणे कुठले?"

जाहिरात सुधारली, अर्ज आले. आता मुलाखत. खुर्चीत बसल्याबसल्या आपल्याकडे विचारतात : गाव कोणतं? आडनाव काय म्हणालात? आणि मग, पाहुणे कुठले? हा प्रश्न कशासाठी असतो ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही.

सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांत. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. थोरात शिकले ते आपल्याच छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयात, तेव्हा 'हे तिकडे दिल्लीत असेल' म्हणायची सोय नाही.

उपाय साधा आहे. आम्ही दहा पार्टांचा ट्रे ठेवतो, त्यात तीन जाणूनबुजून मापाबाहेरचे. वीस मिनिटं, सगळ्यांना तेच ड्रॉइंग, उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी नंबर. पेपर तपासून झाल्यावरच नावं उघडायची. पहिल्यांदा केलं तेव्हा सुपरवायझर जो 'पक्का' म्हणून घेऊन आला होता, त्याने तिन्ही पार्ट पास केले.

सुपरवायझरच्या ओळखीची भरती हा वेगळा रोग. माणूस खात्रीचा मिळतो हे खरं. पण तीन वर्षांत अख्खी लाइन एका गावची, एका भावकीची होते. मग गावात लग्न निघालं की लाइन बंद. वेळ अमावस्येला, म्हणजे येळवसला, लातूर-धाराशिवकडची पोरं शेतावर जाणारच, त्याला इलाज नाही आणि नसावाही. ती तारीख सुट्ट्यांच्या यादीत आधीच टाका. पण डिपार्टमेंटमध्ये बीड, जालना, नांदेड, शहरातली किराडपुऱ्याची अशी सरमिसळ असेल तर ईद असो की येळवस, निम्मी मशीनं चालू राहतात. ओळखीचे अर्ज घ्या, पण ट्रे त्यांनाही द्या.

बायका आल्या, महिन्यात गेल्या

'महिलांना प्राधान्य' छापण्याआधी कंपनीत एक फेरी मारा. एका ठिकाणी लेडीज टॉयलेटमध्ये रिकामे खोके रचलेले होते आणि किल्ली स्टोअरमध्ये. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, पन्नासला पाळणाघर. हे नसताना आलेली बाई टिकत नाही, आणि मग आपण म्हणतो, 'बायकांना नको असतं.'

कोण कुठे गळतं ते कळायला मी आता एक वही ठेवतो. चार रकाने : अर्ज किती, बोलावले किती, रुजू किती, तीन महिन्यांनी उरले किती. बायकांचा आकडा वेगळा. पहिले तीन रकाने ठीक होते, चौथ्यात बायका निम्म्याच उरल्या. विचारलं तर कळलं, संध्याकाळची बस मेन रोडलाच सोडायची आणि तिथून खोलीपर्यंत पंधरा मिनिटं अंधारातून चालत जावं लागायचं. बस आत चौकापर्यंत आणली. ड्रायव्हर महिनाभर कुरकुरला.