ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर फॉल्टनंतर का ट्रिप होतो? या चुका टाळा

ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर म्हणजे स्वतःच व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी उभी करणारा इन्व्हर्टर. लाइनवर फॉल्ट (शॉर्ट सर्किट) झाला, ब्रेकरने तो तोडला, व्होल्टेज परत आलं आणि नेमका तेव्हाच इन्व्हर्टर ट्रिप झाला, म्हणजे स्वतःहून बंद पडला. लॉगमध्ये ‘ओव्हरकरंट’ दिसतं, म्हणून सगळे करंट लूपच्या मागे लागतात. आधी कोन (इन्व्हर्टर आणि ग्रिडच्या व्होल्टेजमधला फेजचा फरक) तपासा.

पॉवर रेफरन्स तसाच ठेवणं

किती पॉवर द्यायची हा आदेश (रेफरन्स) फॉल्टमध्येही न बदलणं, सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सिंक्रोनस जनरेटर फॉल्टमध्ये 5-6 पट करंट देतो. इन्व्हर्टरचे आयजीबीटी (आतले इलेक्ट्रॉनिक स्विच) साधारण 1.2 ते 1.5 पटीवर थांबतात. भारतातल्या जोडणी नियमांनुसार व्होल्टेज 15 टक्क्यांवर आलं तरी 300 मिलिसेकंद तग धरावा लागतो. त्या वेळी 1.2 पट करंटवर जास्तीत जास्त पॉवर निघते 0.15 × 1.2 = 0.18 पर युनिट (रेटेड मूल्य म्हणजे 1). रेफरन्स 1.0 असेल तर उरलेले 0.82 थेट ड्रूपमध्ये (पॉवरच्या फरकावरून फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या नियमात) शिरतात. ड्रूप 2 टक्के, म्हणजे 50 हर्ट्झला 1 हर्ट्झ, धरला तर फ्रिक्वेन्सी 0.82 हर्ट्झने चढते आणि 300 मिलिसेकंदांत कोन सुमारे 89 अंश पुढे पळतो. त्यात आधीचा लोड अँगल (फॉल्टच्या आधीच असलेला कोन) मिळवला की फॉल्ट गेल्यावर मागे यायला जागाच उरत नाही.

व्होल्टेज 0.85 च्या खाली जाताच रेफरन्स उतरवा. नुसता व्होल्टेजच्या प्रमाणात नको. रिअ‍ॅक्टिव्हला (व्होल्टेज सावरणाऱ्या करंटला) दिल्यावर जेवढा अ‍ॅक्टिव्ह करंट (खरी पॉवर नेणारा) उरतो, त्यावरून काढा.

इंटिग्रेटर मोकळा सोडणं

करंट लिमिट लागली तरी व्होल्टेज लूपचा इंटिग्रेटर (चूक जमा करत जाणारा भाग) साठतच जातो आणि व्होल्टेज परतल्यावर सगळं एकदम बाहेर फेकतो. लिमिट लागल्याक्षणी तो गोठवा किंवा बॅक-कॅल्क्युलेशन (लिमिटच्या वर गेलेला भाग त्यातून परत वजा करणं) लावा.

एकाच लिमिटरवर भिस्त

नुसती करंट क्लिप केली की इन्व्हर्टर व्होल्टेज सोर्स राहत नाही. व्हर्च्युअल इम्पिडन्स (कंट्रोलने उभा केलेला आभासी अडथळा) त्याला व्होल्टेज सोर्स ठेवतो. टर्मिनलजवळच्या पूर्ण शॉर्टमध्ये 1.2 पटीवर थांबायचं तर एकूण 0.83 पर युनिट इम्पिडन्स हवा; ट्रान्सफॉर्मरचा 0.1 धरला तर आभासी सुमारे 0.73. मात्र पहिल्या काही मिलिसेकंदांत तो उशिरा पोचतो, म्हणून आतली जलद लिमिट काढून टाकू नका.

लाइनवरचे बहुतेक फॉल्ट एका फेजचे असतात. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह सिक्वेन्स (सुलट आणि उलट फेजक्रमाचे घटक) वेगळे सांभाळा, आणि लिमिट सर्वांत जास्त करंटच्या फेजवरून ठरवा.

फक्त दुबळ्या ग्रिडवर चाचणी

ग्रिड-फॉर्मिंग कंट्रोल भक्कम ग्रिडवरच जास्त डगमगतो, कारण तिथे कोनातल्या थोड्या फरकानेही पॉवर खूप बदलते. शॉर्ट सर्किट रेशो (ग्रिडच्या भक्कमपणाचं माप) 2 सोबतच 10 च्या वरही फॉल्ट टाकून पाहा, आणि तेही ईएमटी मॉडेलवर (करंट-व्होल्टेजची प्रत्यक्ष लहर क्षणाक्षणाला काढणारं), उत्पादकाचा खरा कंट्रोल कोड घालून. आरएमएस मॉडेलमध्ये (लहरीऐवजी फक्त तिचं सरासरी मोजमाप धरणारं) लिमिटरची ही धडपड दिसतच नाही.